‘द रेड शूज’ची ४के डिस्क : परभणीतल्या घरच्या पडद्यावरून

१९४८ सालच्या ‘द रेड शूज’ या, बॅले नर्तिकेच्या गोष्टीवरच्या ब्रिटिश रंगीत चित्रपटाची क्रायटेरियन कंपनीने काढलेली ४के यूएचडी, म्हणजे साध्या ब्लू-रेहून कितीतरी बारीक तपशील दाखवणारी, डिस्क मी परदेशातून परभणीला मागवली. ती हातात पडायला पाच आठवडे लागले आणि वाहतूक व सीमाशुल्क धरून सुमारे साडेसात हजार रुपये खर्च झाले. एका चित्रपटासाठी एवढे पैसे घालणे आमच्याकडे बहुतेकांना पटणार नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही गेल्या दोन महिन्यांत मी ती चार वेळा पाहिली, एकदा एकट्याने आणि तीनदा माणसे जमवून, आणि जुन्या रंगीत चित्रपटाचे रिस्टोरेशन, म्हणजे खराब झालेली फिल्म दुरुस्त करून मूळ रूपात आणणे, कसे असावे, कुठे थांबावे आणि ते पाहणाऱ्यापर्यंत नीट पोहोचण्यासाठी काय करावे लागते, याविषयी सविस्तर लिहिण्याइतके काही हाती लागले असे वाटले.

माझे वडील टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. कार्बनच्या कांड्या पेटवून चालणाऱ्या प्रोजेक्टरपासून त्यांची नोकरी सुरू झाली आणि झेनॉनचा दिवा आल्यावर काही वर्षांनी संपली. मराठवाड्यातल्या टॉकीजमध्ये येणारी प्रिंट मुंबई-पुणे, मग संभाजीनगर, तेव्हाचे औरंगाबाद, अशी फिरून यायची. तोवर तिच्यावर उभ्या रेषा पडलेल्या असत, रिळाच्या सुरुवातीचा आणि शेवटचा भाग दर ठिकाणी तुटून-जोडून आखूड झालेला असे आणि एखाद्या गाण्यातले कडवेही गायब असे. वडील तुटलेले तुकडे टाकून देत नसत. त्यांच्या एका पत्र्याच्या डबीत एका रंगीत चित्रपटाच्या पट्टीचे नऊ चौकटींचे तुकडे आजही आहेत. खिडकीच्या उजेडात ते धरले की सगळे एकाच रंगाचे दिसते : आभाळ गुलाबी, झाड तपकिरी-गुलाबी, बाईचा चेहरा गुलाबी आणि तिचे लुगडे काळपट लाल. लुगडे हिरवे होते, असे वडील सांगत. आता त्या पट्टीत हिरव्याचा मागमूसही नाही.

हे का होते ते समजून घेतल्याशिवाय या डिस्कचे मोल कळणार नाही. ईस्टमन कोडकने १९५० साली ईस्टमनकलर निगेटिव्ह आणली, तेव्हापासून रंगीत चित्रीकरण स्वस्त आणि सोपे झाले, कारण तिन्ही रंगांचे थर एकाच फिल्मवर आले आणि साध्या कॅमेऱ्यात ती चालू लागली. पण त्या काळच्या प्रिंटवरील रंगद्रव्ये कच्ची होती. अंधाऱ्या डब्यात बंद ठेवली तरी त्यांतला सायन, म्हणजे निळसर-हिरवा रंग सर्वांत आधी विरत जातो, पिवळाही फिकटतो, मागे उरतो तो मॅजेंटा. जुन्या प्रिंट गुलाबी दिसतात त्या यामुळे. उष्णता आणि दमट हवा ही क्रिया वेगाने घडवून आणतात, आणि परभणीच्या मे महिन्यात पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत रिळांचे काय होत असेल हे कुणी सांगायला नको. त्यातच फिल्मची अ‍ॅसिटेटची पट्टी स्वतःच कुजू लागते आणि डबा उघडला की शिरक्याचा आंबट वास नाकात जातो. त्याला ‘व्हिनेगर सिंड्रोम’ म्हणतात. तो एकदा सुरू झाला की थंडाव्याने त्याची चाल मंदावते, पण तो उलटवता येत नाही.

‘द रेड शूज’ ईस्टमनकलरच्या आधीचा आहे आणि तो टेक्निकलरच्या तीन पट्ट्यांवर चित्रित झाला आहे. त्या अवजड कॅमेऱ्यात एकाच भिंगातून आलेला प्रकाश लोलकाने विभागला जाई आणि तीन वेगवेगळ्या कृष्णधवल फिल्मवर लाल, हिरवा व निळा असे प्रकाशाचे तीन भाग नोंदले जात. म्हणजे निगेटिव्हवर मुळात रंगद्रव्य नाही, तिथे आहे फक्त चांदी. रंग नंतर यायचा, प्रिंट करताना : जुन्या छापील कापडावर एकावर एक ठसे उठवावेत, तसे सायन, मॅजेंटा आणि पिवळा हे रंग तीन साच्यांवरून कोऱ्या फिल्मवर उतरवले जात. या पद्धतीच्या प्रिंट साठ-सत्तर वर्षांनीही टवटवीत राहतात आणि निगेटिव्हमधला रंग तर उडण्याचा प्रश्नच नसतो. कागदावर हे फार सोयीचे वाटते. प्रत्यक्षात तीन पट्ट्या म्हणजे तीन दुखणी.

कारण तिन्ही पट्ट्या सारख्या आकसत नाहीत. एक थोडी जास्त आक्रसली की तिन्ही प्रतिमा एकमेकींवर बरोबर बसत नाहीत आणि माणसांच्या कडांना लाल-हिरव्या झालरी दिसू लागतात. या चित्रपटाच्या निगेटिव्हला शिवाय बुरशी लागली होती. तिने इमल्शनच, म्हणजे फिल्मवरचा चित्र धरणारा थरच, खाल्ला होता. अमेरिकेत यूसीएलए विद्यापीठाच्या चित्रपट संग्रहालयातील रॉबर्ट गिट यांच्या देखरेखीखाली २००६ साली काम सुरू झाले, दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या फिल्म फाउंडेशनने त्याला बळ दिले आणि मे २००९ मध्ये कान महोत्सवात नवी प्रत दाखवली गेली. कामाचा आवाका एका साध्या हिशेबाने कळतो. चित्रपट १३४ मिनिटांचा, सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे सुमारे १,९३,००० चौकटी. आणि प्रत्येक चौकट तीन पट्ट्यांवर, म्हणून सुमारे ५,७९,००० चित्रे ४के स्कॅनरमधून काढावी लागली. त्यानंतर तिन्ही चित्रे संगणकावर एकमेकांवर बसवणे, बुरशीचे डाग शेजारच्या चौकटींच्या आधाराने भरून काढणे, रंगांचा लपलपाट थांबवणे, आणि हे सगळे करून मूळ छायाचित्रकार जॅक कार्डिफ यांच्या प्रकाशयोजनेला धक्का न लावणे.

आता डिस्ककडे वळतो. माझ्याकडे वेगळा ४के प्लेअर नाही. पुतण्याचे प्लेस्टेशन ५ आहे, त्यात यूएचडी डिस्क चालते. टीव्ही ५५ इंची. टीव्हीत आधीपासून सुरू असलेली, हालचाल गुळगुळीत करणारी सोय सर्वांत आधी बंद केली, कारण तिच्यामुळे चित्रपट मालिकेसारखा दिसू लागतो. ‘फिल्ममेकर मोड’ निवडला, खोलीतली ट्यूबलाइट विझवली आणि खिडकीवर चादर लावली. ही तयारी कुणाला अतिरेकी वाटेल. पण ज्या चित्रपटाचा एकेक रंग शुद्ध करायला लोकांनी वर्षे घातली, तो ट्यूबलाइटच्या उजेडात पाहायचा असेल तर साधी डीव्हीडीसुद्धा पुरे.

पहिल्याच अर्ध्या तासात माझ्या ध्यानात आले की या प्रतीत रंग भडक नाहीत. टेक्निकलर म्हटले की भडकपणा, अशी माझी समजूत होती. इथे लंडनच्या खोल्यांतला तपकिरी, राखाडी, मळकट पिवळा रंग एवढा संयमाने येतो की बॅलेचे लाल बूट पहिल्यांदा दिसतात तेव्हा खोलीत कुणीतरी दिवा लावल्यासारखे वाटते. नायिका मोइरा शिअररचे तांबूस केस आणि चेहऱ्याची फिकट त्वचा यांत किती छटा आहेत, ते मी याआधी पाहिलेल्या कुठल्याही प्रतीत दिसले नव्हते. एका प्रसंगात ती निळसर-हिरवा पायघोळ पोशाख आणि डोक्यावर छोटासा मुकुट घालून, झाडोरा माजलेल्या जुन्या दगडी पायऱ्या चढत जाते. तो प्रसंग मी थांबवून, मागे नेऊन पुन्हा पाहिला. पोशाखाचा हिरवा वेगळा, शेवाळाचा हिरवा वेगळा, सावलीतल्या पानांचा हिरवा वेगळा. वडिलांच्या डबीतल्या पट्टीवरून नेमका हाच रंग उडाला आहे.

मधला बॅले पंधरा मिनिटांहून अधिक चालतो आणि या डिस्कची खरी परीक्षा तिथे होते. त्यात एकावर एक छापलेली दृश्ये भरपूर आहेत. अशी दृश्ये त्या काळी फिल्मवरून फिल्मवर उतरवून तयार केली जात, त्यामुळे ती एक पिढी मागची आणि जराशी मऊ असतात. डिस्कवर तो फरक दिसतो. स्वच्छ, धारदार चौकटीवरून अचानक थोडे धूसर चित्र येते आणि पुन्हा धार परतते. रिस्टोरेशन करणाऱ्यांनी ही दृश्ये कृत्रिमरीत्या धारदार करण्याचा मोह टाळला आहे, आणि माझ्या मते हा निर्णय पूर्ण योग्य आहे. नर्तकांच्या चेहऱ्यावरची रंगभूमीची जाड रंगरंगोटी, कपाळावरचा घाम, पडद्यांवर रंगवलेल्या आभाळातले कुंचल्याचे फटकारे, हे सगळे उघडे पडते. काही पाहणाऱ्यांचा यात रसभंग झाला. माझा झाला नाही, उलट हे सगळे माणसांनी हाताने उभे केले आहे याची जाणीव सतत सोबत राहिली.

माझ्या वडिलांसोबत केबिनमध्ये काम केलेले एक जुने ऑपरेटर आजही परभणीत आहेत. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. दुसऱ्या वेळी मी त्यांना मुद्दाम बोलावले. शेजारचे एक गुरुजीही आले होते. बॅले सुरू झाल्यावर गुरुजी म्हणाले, “हे तर कालच काढल्यावाणी दिसायलंय!” त्यांनी ते कौतुकाने म्हटले होते. चाचा मात्र टीव्हीच्या अगदी जवळ गेले, चष्मा वर केला आणि म्हणाले, “नाही गुरुजी, दाणा हाय की अजून. फिल्मच हाय ही.”

हा दाणा, म्हणजे फिल्मवरचे चांदीचे किंवा रंगाचे सूक्ष्म कण, हाच आज जुन्या चित्रपटांच्या बाबतीत सगळ्यात मोठ्या गैरसमजाचा विषय आहे. पुष्कळांना तो घाण वाटतो. म्हणून घरगुती प्रती काढणाऱ्या काही कंपन्या संगणकाकडून दाणा पुसून घेतात. दाण्याबरोबर कापडाचा पोत जातो, त्वचेवरची छिद्रे जातात, केस एकमेकांना चिकटतात आणि माणसे मेणाची होतात. धूळ, ओरखडा, बुरशी हे फिल्मला नंतर झालेले नुकसान आहे, ते काढलेच पाहिजे; दाणा मात्र चित्राचे अंगच आहे, ज्या द्रव्याने चित्र तयार झाले ते द्रव्यच आहे. या डिस्कवर तो बारीक, सारखा आणि जिवंत आहे, अंधाऱ्या दृश्यांत थोडा अधिक उठून दिसतो, आणि कुठेही थिजलेला नाही.

आम्हा मराठवाड्यातल्या लोकांना हे दुसऱ्या कुणी समजावून सांगायची गरज नाही. अजिंठ्याची चित्रे जपावीत म्हणून निजामाच्या सरकारने १९२० च्या सुमारास इटलीहून दोन तज्ज्ञ आणवले. त्यांनी भिंतीवरून सुटणारे रंगाचे पापुद्रे बसवले, हे काम मोलाचेच होते. पण चित्रांवर शेलॅकचा लेपही दिला. कालांतराने तो लेप पिवळा-तपकिरी पडला, त्याला तडे गेले, आणि खालचे रंग त्याच्या आड गेले. पुढे पुरातत्त्व विभागाच्या रसायनतज्ज्ञांना तो लेप इंचाइंचाने उतरवण्यात वर्षानुवर्षे घालवावी लागली. हेतू चांगला होता, त्या काळाच्या समजुतीने पद्धतही चांगली होती, आणि तरीही चित्रावर चढवलेली गोष्ट चित्राला भोवली. म्हणून रिस्टोरेशनची कुठलीही प्रत हाती आली की मी आधी विचारतो : काय काढले आहे, काय घातले आहे, आणि घातलेले उद्या परत काढता येईल का? चित्रपटाच्या बाबतीत सुदैवाने मूळ निगेटिव्ह आणि कच्चे स्कॅन जपून ठेवले, तर चुकीचा हात फिरला तरी पुन्हा सुरुवात करता येते. जिथे कच्चे स्कॅन फेकून देऊन फक्त ‘स्वच्छ’ प्रत ठेवली जाते, तिथे ती सोय उरत नाही.

तुलनेसाठी दोन गोष्टी सांगतो. एका जुन्या मराठी रंगीत तमाशापटाची डीव्हीडी मी काही वर्षांपूर्वी घेतली होती. कंपनीचे नाव घेत नाही, कारण त्या काळी बाजारात निघणाऱ्या बऱ्याच डीव्हीडींची तीच गत होती. चित्र मुळात जवळजवळ चौकोनी आहे, १.३७ ला १ या प्रमाणाचे. ते रुंद टीव्हीवर पूर्ण भरावे म्हणून वरून आणि खालून कापलेले होते, त्यामुळे लावणीत नाचणारीचे पाय दिसत नव्हते. लावणीत पाय दिसत नाहीत म्हणजे काय उरले? कोपऱ्यात कंपनीचे चिन्ह अखंड, रंग गुलाबीकडे झुकलेले आणि फेटे कुठल्या रंगाचे होते ते ओळखता येत नाही. दुसरी गोष्ट, इंटरनेटवर ‘४के’ म्हणून फिरणाऱ्या जुन्या गाण्यांची. त्यांतली पुष्कळशी अशाच डीव्हीडींवरून संगणकाने मोठी केलेली असतात. जिथे तपशील नाही तिथे यंत्र तपशील कल्पून भरते, आणि सेकंदाला २४ चौकटींच्या साठ करून हालचालीचाही घास घेते. स्कॅन कशावरून केले, निगेटिव्हवरून, मधल्या प्रतीवरून की प्रिंटवरून, हे ज्यावर लिहिलेले नाही त्याच्यावरच्या ‘४के’ या शिक्क्यावर विश्वास ठेवू नये. तसेच कृष्णधवल चित्रपटात नव्याने रंग भरणे, जसे २००४ साली ‘मुघल-ए-आझम’च्या बाबतीत झाले, हा वेगळाच उद्योग आहे, त्याच्या बऱ्यावाईटाची चर्चा जरूर करावी, पण त्याला रिस्टोरेशन म्हणू नये.

क्रायटेरियनच्या डिस्कमध्येही उणिवा आहेत आणि घेणाऱ्याने त्या आधी जाणून घ्याव्यात. यूएचडी डिस्कना रीजनचे, म्हणजे ठरावीक देशांतल्या यंत्रांवरच चालण्याचे, कुलूप नसते, त्यामुळे मुख्य चित्रपट कुठेही चालतो. पण पाकिटात सोबत असलेली ब्लू-रे डिस्क रीजन ‘ए’ची आहे आणि भारत रीजन ‘सी’मध्ये येतो. पूरक साहित्य, ज्यात रिस्टोरेशन कसे झाले हे आधी-नंतरची दृश्ये शेजारीशेजारी ठेवून दाखवणारे स्कॉर्सेसी यांचे प्रात्यक्षिक आहे, ते त्या ब्लू-रेवर असल्याने आपल्याकडच्या साध्या प्लेअरवर ते चालत नाही. मला त्यासाठी एका मित्राकडे हैदराबादला जावे लागले. ज्या कामासाठी एवढे पैसे मोजले त्याचीच हकिगत कुलपात असावी, हे मनाला लागले. सबटायटल्स फक्त इंग्रजीत आहेत. चाचांसाठी आणि घरातल्या ज्येष्ठांसाठी मला प्रत्येक प्रसंगाचा मथितार्थ सांगत बसावे लागले. आवाज मूळ मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचा, आहे आणि तो तसाच ठेवला आहे, ही मोठी चांगली गोष्ट. वाद्यवृंद किंचित कोंदट वाटतो, पण १९४८ सालचे ध्वनिमुद्रण पाच स्पीकरांत पसरवून ‘भव्य’ करण्यापेक्षा हा कोंदटपणा मला शंभर वेळा मान्य आहे.

घरचा टीव्ही आणि थिएटरचा पडदा यांचे गणित मात्र वेगळे आहे. थिएटरसाठी चित्रपट हार्ड डिस्कवर किंवा थेट जोडणीने डीसीपी (डिजिटल सिनेमा पॅकेज) या रूपात येतो. त्यात प्रत्येक चौकट स्वतंत्रपणे साठवलेली असते, ४के असेल तर जास्तीत जास्त ४०९६ गुणिले २१६० बिंदूंची. त्याचे रंग अंधाऱ्या दालनातल्या, टीव्हीच्या मानाने बऱ्याच मंद अशा पडद्यासाठी ठरवलेले असतात. पडद्यावरच्या पांढऱ्या रंगाची उजेडाची प्रमाणित पातळी ४८ निट आहे. टीव्ही याच्या कितीतरी पट उजळ असतो. म्हणून चांगल्या रिस्टोरेशनमध्ये पडद्यासाठी आणि घरासाठी रंग दोनदा तपासले जातात. एकासाठी केलेले दुसऱ्यावर जसेच्या तसे ढकलले की काळोखाची दृश्ये एकतर चिखल होतात किंवा धुरकट.

याचा अनुभव डिसेंबर २०२५ मध्ये आला, ‘शोले’ची ४के प्रत प्रदर्शित झाली तेव्हा. ती पाहायला आम्ही चौघे छत्रपती संभाजीनगरला गेलो. त्या कामाची हकिगत मला ‘द रेड शूज’इतकीच मोलाची वाटते. मूळ निगेटिव्ह व्हिनेगर सिंड्रोमने फार खराब झाली होती, आणि १९७५ साली गाजलेल्या ७० मिमी प्रिंटपैकी एकही उरलेली नव्हती. जुने चित्रपट जपणाऱ्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने सिप्पी फिल्म्ससोबत जवळपास तीन वर्षे खपून इंटरपॉझिटिव्ह आणि कलर रिव्हर्सल इंटरमीडिएट अशा, निगेटिव्ह आणि प्रिंट यांच्या मधल्या पिढीच्या, प्रती मिळवल्या, त्यांतल्या काही इंग्लंडमध्ये सापडल्या, आणि इटलीतल्या बोलोन्या येथील प्रयोगशाळेत काम झाले. जून २०२५ मध्ये बोलोन्याच्या मुख्य चौकात, उघड्यावर, ती प्रत पहिल्यांदा दाखवली गेली. चित्राचे २.२ ला १ हे ७० मिमीचे प्रमाण तिच्यात परत आले आहे आणि आणीबाणीच्या काळात बदलावा लागलेला मूळ शेवटही. दगडांचा करडा-पिवळा रंग, दुपारच्या उन्हातली धूळ, होळीचा गुलाल. द्वारका दिवेचा यांच्या छायाचित्रणातला उन्हाचा चटका मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळला. काही दृश्ये बाकीच्यांहून मऊ आहेत. मधल्या पिढीच्या प्रतींवरून काम करताना ते टळत नाही, आणि ते तसेच ठेवले हे बरे केले.

पण ज्या मल्टिप्लेक्समध्ये आम्ही बसलो तिथे पडदा मंद होता. दिवा जुना झाला असावा. रात्रीच्या प्रसंगांत माणसे ओळखू येईनात. २.२ प्रमाणाच्या चित्राच्या दोन्ही बाजूंना उरणारी जागा काळ्या पडद्याने झाकायची पद्धत तिथे नव्हती, त्यामुळे दोन राखाडी पट्टे शेवटपर्यंत डोळ्यांसमोर राहिले. दरवाजावरचा दिवा पडद्याच्या खालच्या कोपऱ्यावर पडत होता. मध्यंतरात आम्ही सांगायला गेलो तर केबिनमध्ये माणूसच नाही. सगळे खेळ संगणकावरून आपोआप सुरू होतात, असे कळले. चाचांना याचे फार वाईट वाटले. आमच्या परभणीच्या टॉकीजमध्ये प्रिंट फाटकी असायची, पण कार्बनची ठिणगी जरा हलली तर हात पुढे करणारा माणूस केबिनमध्ये उभा असायचा. तीन वर्षांचे काम शेवटच्या शंभर फुटांत असे उणावावे, याची हळहळ मला आजही आहे. इतर शहरांत ही प्रत उजळ पडद्यावर पाहिलेल्यांनी तिची फार स्तुती केली आणि मी ती खरी मानतो.

दुसऱ्या टोकाचे उदाहरण ‘मंथन’चे. गुजरातच्या ५ लाख दूध उत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी २ रुपये देऊन उभा केलेला हा १९७६ सालचा चित्रपट. त्याची मूळ निगेटिव्ह पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात सांभाळलेली होती, म्हणून त्यावरून थेट ४के काम करता आले आणि छायाचित्रकार गोविंद निहलानी यांना स्वतः बसून रंग तपासता आले. २०२४ मध्ये तो कानला दाखवला गेला. ध्वनी मात्र जुन्या प्रिंटवरून घ्यावा लागला. एका चित्रपटाची निगेटिव्ह थंड कोठीत राहिली आणि दुसऱ्याची राहिली नाही, एवढ्या फरकाने पुढच्या सगळ्या कामाची वाट बदलते.

मराठीचा रंगाशी संबंध जुना आहे. १९३३ सालीच प्रभातने ‘सैरंध्री’ रंगीत करण्यासाठी फिल्म जर्मनीला नेली होती. रंग मनासारखे उतरले नाहीत, पण धाडस केले. साठ-सत्तरच्या दशकांतले आपले रंगीत मराठी चित्रपट ईस्टमनकलरच्या त्याच कच्च्या रंगद्रव्यांचे आहेत. फेटे, लुगडी, हळद-कुंकू, जत्रेतला गुलाल, हे ज्या चित्रपटांचे अर्धे बोलणे आहे, त्यांच्या निगेटिव्ह कुठे आहेत, कुठल्या तापमानाला आहेत, हे त्यांच्या निर्मात्यांच्या घरच्यांनी आजच डबे उघडून पाहायला हवे. आंबट वास येत असेल तर तो डबा इतर डब्यांपासून वेगळा ठेवावा, कारण त्या वाफेने शेजारची रिळेही बिघडतात. अशी एखादी रंगीत मराठी प्रत ‘द रेड शूज’सारख्या निगुतीने निघाली, तर तिच्यासाठी मी साडेसात हजारच काय, दुप्पट मोजीन.

डिस्क घ्यावी की नाही? ज्यांच्याकडे ४के टीव्ही आणि डिस्क चालवणारे यंत्र आहे, खोलीत अंधार करण्याची तयारी आहे आणि इंग्रजी संवादांची अडचण नाही, त्यांनी जरूर घ्यावी. मोबाइलवर पाहणाऱ्यांनी किंवा पूरक साहित्यासाठी घेऊ इच्छिणाऱ्यांनी थांबावे. माझी डिस्क मी आता वडिलांच्या त्या पत्र्याच्या डबीशेजारी, भिंतीतल्या थंड कोनाड्यात ठेवली आहे.

चौथ्या वेळी चाचा एकटेच आले होते. या खेपेला ते चित्रापेक्षा पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्याकडे अधिक पाहत होते. वीसेक मिनिटे झाली की त्यांची नजर तिकडे जायची, थोडी थांबायची आणि परत यायची. शेवटी मी विचारले, तेव्हा म्हणाले, “रीळ बदलायचा ठिपका बघायलोय. यायलाच नाही.” तो ठिपका ऑपरेटरच्या सोयीसाठी असतो आणि ही प्रत निगेटिव्हवरून घेतली आहे, म्हणून तो इथे नाही, असे मी सांगितले. त्यांनी मान हलवली, आणि पुढची वीस मिनिटे झाल्यावर पुन्हा कोपऱ्याकडे पाहिले.